बंबाचा हिशेब

पेडणे-डिचोलीकडच्या गावांत आग विझवणाऱ्या गाडीला ‘अग्निशमन वाहन’ हे नाव कागदावरच राहिले आहे. काजूच्या बागेत वणवा शिरो की गवताची उडवी पेटो, हाक एकच उठते : बंब बोलवा! हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. ‘बोंबा’ म्हणजे पंप. न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब त्याच घराण्यातला, आणि ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही आपली म्हणही त्याच्यावाचून झाली नसती. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला वाटते, या गाड्या काटकसरीने कशा सांभाळाव्यात याचे सूत्र या शब्दातच आहे. मूळ वस्तू पंप; चाके ही त्याची सोय.

मुंबईचे अग्निशमन दल १८८७ साली उभे राहिले तेव्हा बंब घोडे ओढीत. आग लागो वा न लागो, चंदी, वैरण, खरारा, नाल यांचा खर्च रोजचा होता. १९०७ साली तेथे पहिला मोटार बंब आला. पुढे घोडे गेले आणि रोजच्या निगेची सक्तीही गेली. उपाशी घोडा खिंकाळून जाग आणतो. उतरलेली बॅटरी मात्र गप्प बसते.

बसचा हिशेब किलोमीटरवर चालतो. ‘कदंब’ची बस धावली तर उत्पन्न, उभी राहिली तर तोटा. बंबाचे उलट. तो उभा असतो ते गावाचे सुखाचे दिवस. शिवाय आगीपाशी पोहोचल्यावर चाके थांबतात, इंजिन पंपाला जोडले जाते, तासन्‌तास डिझेल जळते आणि किलोमीटरचा काटा तसूभर हलत नाही. म्हणून तेल बदलणे, पंपाची तपासणी या गोष्टी पंप किती तास चालला यावरून ठरवाव्यात. आमच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात उभी गाडीही झिजते. टाकी गंजते, रबर तडकते. आठवड्याला एकदा पंप चालवून पाहण्याचे डिझेल वाचवणे म्हणजे दमडीसाठी रुपया घालवणे होय.

दुसरा प्रश्न वयाचा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. त्यातून एक धडा घ्यावा : एका वर्षी घाऊक घेतलेल्या गाड्या एकाच वर्षी बाद होतात. तेव्हा खरेदी दरवर्षी थोडीथोडी व्हावी. बनावटी मोजक्या असाव्यात, म्हणजे सुटे भाग आणि मिस्त्रीचा सराव दोन्ही सगळीकडे उपयोगी पडतात.

आकार मात्र एकच नको. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री शेजारच्या बार्देशात, हडफडे येथे, नाईट क्लबला आग लागून २५ जीव गेले. अरुंद वाटेमुळे मोठे बंब दूरच थांबवावे लागले. वाड्यावस्त्यांच्या वाटा मोजून त्यांत जाईल अशी लहान गाडी ठेवणे ही चैन नव्हे.

मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. विमानतळावरचा बंब धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांत पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या मधल्या पेडण्यातल्या डोंगरवाडीला तीन मिनिटे कोणी देऊ शकणार नाही. पण आपल्या वाडीला किती मिनिटे लागतील, हे आपल्याला ठाऊक असावे.

शाळेत आम्ही डेडस्टॉकचे रजिस्टर ठेवतो. बाकडी, नकाशे, पृथ्वीगोल वर्षातून एकदा मोजले की काम भागते. बंबाला त्या यादीचा नियम लावू नये. ग्रामसभेत त्याची किंमत जरूर विचारावी. त्याबरोबर पंप शेवटचा कधी चालवून पाहिला, हेही विचारावे. काजूच्या बागा वाळायच्या आत विचारलेले बरे.