तगर कोठे होते?

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण हेच प्राचीन तगर, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. महाविद्यालयात इतिहास, भूगोल आणि गणित यांचे अभ्यासक्रम जोडायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, असे प्राध्यापक विचारतात. त्यांना ही हकीकत उपयोगी पडावी.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात समुद्रव्यापाराची माहिती आहे. त्यानुसार भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तेथले कापड गाड्यांतून भडोचला येई. शिलाहार राजेही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. एवढ्या आधारावर विल्फर्डने देवगिरी सुचवले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, रा. गो. भांडारकरांनी धारूर. सगळे जाणकार, आणि उत्तरे तीन! १९०१ मध्ये फ्लीट यांनी तेरचे नाव पुढे केले. हेन्री कझिन्स यांनी गावातील जुन्या वास्तूंची पाहणी केली.

आता विद्यार्थ्यांच्या हाती नकाशा आणि पट्टी द्या. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरते. वीस दिवसांनी भागले की रोजची मजल सतरा-अठरा किलोमीटर. म्हणजे तगर पैठणपासून पावणेदोनशेच्या आसपास हवे. जुन्नर १६० वर आहे, पण पश्चिमेला! देवगिरी उत्तरेकडे, जेमतेम ५५ वर. धारूरची दिशा चालण्यासारखी आहे, पण अंतर १०५ च भरते. तेर १५० वर. बैलगाडी सरळ रेषेत जात नाही, म्हणून भूगोलाच्या तासाला बालाघाटातील वाटा शोधाव्या लागतील. उरलेला फरक त्यातून किती भरून निघतो, हे मुलांनीच पाहावे. पुढील उत्खननांत तेरला सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची आठवण करून देते. गणिताच्या शिक्षकांनीही सहलीला जायला हरकत नाही.

एकच प्रश्न तीन वर्गांतून फिरला, तर प्रत्येक शिक्षकाला दुसऱ्याच्या वहीत डोकवावे लागते. माझ्या मते जोडअभ्यासक्रमाची खरी कसोटी हीच; नुसते वेळापत्रक जुळवून ते साधत नाही.

एक अडचण मात्र राहतेच. तेर पैठणच्या नेमके पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. ग्रंथकर्ता स्वतः तेथे गेला होता, की भडोचच्या बाजारात ऐकलेले त्याने लिहून ठेवले? हा प्रश्न पुन्हा इतिहासाच्या वर्गात जातो.