हवा पकडणारी व्हॅन

२०२२ च्या दिवाळीला पुण्याहून लातूरला घरी पोचलो, तेव्हा व्हॅन अंगणात चालू करून ठेवली होती आणि बंपरला टांगलेली लिंबू-मिरची गरब्यासारखी नाचत होती. बाबा बोनेटजवळ उभे होते. बोनेट म्हणायचं आपलं. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं.

"पळताना काही नाही," बाबा म्हणाले. "उभी राहिली की थंडी वाजल्यागत करती."

व्हॅन १९९७ ची, कार्बोरेटरवाली. बाबांनी २००४ मध्ये नांदेडहून जुनीच घेतली, म्हणून नंबर एमएच-२६, आणि राहणं एमएच-२४ च्या गावात. दुकानाचा माल, आजीला दवाखान्यात नेणं, माझं होस्टेलचं सामान, सगळं हिच्यातून झालं. आता नोंदणीचं नूतनीकरण होतं. १५ वर्षांपुढच्या खाजगी चारचाकीसाठी त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं होतं. बाबा ते भरायला तयार होते. पण गाडी पीयूसीला दोनदा नापास झाली होती, आणि भंगारवाला एकदा येऊन चक्कर मारून गेला होता.

मी सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की लॉग बघायचा, ही सवय. या गाडीला लॉग नाही. होती फक्त पीयूसीची चिठ्ठी. त्या चिठ्ठीतले आकडे कळायला मला थोडा इतिहास वाचावा लागला.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी व्हॅन. मूळची ती सुझुकीची कॅरी. जपानमध्ये तेव्हा छोट्या गाड्यांच्या इंजिनाला ५५० सीसीची मर्यादा होती. आपल्याकडे आली ती ७९६ सीसी, तीन सिलेंडरची. १९८८ पासून तिला ओम्नी म्हणायला लागले, तरी आमच्याकडे कुणी ओम्नी म्हटल्याचं मला आठवत नाही. व्हॅन म्हणजे व्हॅन. तीच ॲम्ब्युलन्स, तीच शाळेची गाडी, आणि हिंदी सिनेमात माणूस पळवायचा असेल तरी तीच. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

तीन सिलेंडर हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याआधी मेकॅनिकांचे कान ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीवर तयार झाले होते, म्हणजे चार सिलेंडरवर. चारातला एक बसला तर गाडी लंगडते. तीनातला एक बसला तर एक तृतीयांश ताकदच जाते. आणि धडधाकट असलं तरी तीन सिलेंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं थरथरतंच. त्यामुळे 'ही थरथर स्वभावाची की आजाराची' हा प्रश्न व्हॅनच्या बाबतीत कायम आला. आयडलला मिनिटाला ९०० फेरे धरले, तर प्रत्येक सिलेंडर ४५० वेळा पेटतो. तिन्ही मिळून १,३५०, सेकंदाला साडेबावीस. त्यातले दोन-तीन हुकले तरी लिंबू-मिरची नाचते.

आणि नेमक्या या आयडलवरच सरकारने बोट ठेवलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११५ क्रमांकाचा नियम आहे. पेट्रोलच्या चारचाकीच्या धुरात, आयडलवर, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. दुचाकी-तीनचाकीला साडेचार टक्के. पीयूसी नावाची जी टपरी आपण पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यात बघतो, ती या एका ओळीतून आली. गाडी रस्त्यावर कशी चालते हे तिथे कुणी बघत नव्हतं. उभी राहून धूर कसा सोडते, तेवढंच.

कार्बन मोनॉक्साइड होतो तो पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडली की. म्हणून उपायही सोपा. कार्बोरेटरला मिक्स्चरचा एक बारीक स्क्रू असतो. तो थोडा आत फिरवा, पेट्रोल कमी जाईल, आकडा खाली येईल, चिठ्ठी मिळेल. बाहेर आलं की परत सैल करा. ही युक्ती म्हणजे लबाडीच, पण जे मोजलं जातं तेच सांभाळायचं, हे आमच्या ऑफिसातही वेगळं चालत नाही.

१ ऑक्टोबर २००४ पासून नियम बदलला. आता हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोलही मोजायचं ठरलं. आमच्या व्हॅनसारख्या जुन्या गाड्यांना मर्यादा दहा लाख भागांत १,५०० भाग. इथे ती युक्ती अडकते. पेट्रोल फारच कमी केलं की मिश्रण पेटतच नाही, सिलेंडर हुकतो आणि कच्चं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. एक आकडा खाली जातो, दुसरा आभाळाला भिडतो.

आमच्या चिठ्ठीवर नेमकं हेच होतं. कार्बन मोनॉक्साइड ०.६, हायड्रोकार्बन २,३०० च्या वर. पण लातुरातल्या गॅरेजवाल्यांनी पाहिला तो मोठा आकडा, आणि पेट्रोलचा वास. "पेट्रोल जास्त जातंय," म्हणाले, आणि स्क्रू अजून आत. तीन महिन्यांत तीनदा कार्बोरेटर उघडून धुतला. प्लग नवे टाकले. थरथर वाढली.

गाडीची नोंदणी नांदेडची, म्हणून तपासणीला तिकडेच न्यायची होती. भाऊबीज झाल्यावर आम्ही निघालो. चाकूर, अहमदपूर, लोहा. रस्त्यात गाडी पाण्यासारखी चालली. अहमदपूरला चहाला थांबलो तर बाबांनी बंद केली नाही. परत चालू व्हायची खात्री नव्हती. टपरीवाल्याने ग्लास टपावर ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

नांदेडला बाबांच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. गाडी घेतली तेव्हाही त्यांनीच बघून दिली होती. त्यांनी आधी काही उघडलं नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून उभे राहिले. मग ड्रायव्हरशेजारची सीट उचलली आणि प्लगच्या टोप्या एकेक करून काढल्या, लावल्या. पहिली काढली, इंजिन बसलं. लावली. दुसरी, तेवढंच बसलं. तिसरी, तेवढंच.

"तिन्ही पोरं सारखीच कामं करूलालेत," म्हणाले. "एकाचा दोष न्हाई. घरातच गडबड हाय."

मग रेस दिली. आवाज गुळगुळीत. सोडली, परत थंडीताप.

माझी ट्यूब इथे पेटली. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला जवळपास पंधरा ग्रॅम हवा लागते. आयडलला कार्बोरेटरची झडप जवळजवळ बंद असते, हवा जेमतेम आत जाते. अशा वेळी कुठून तरी चोरून थोडी जास्तीची हवा आत आली, तर प्रमाण पार बिघडतं. रेस दिली की झडपेतूनच भरपूर हवा येते, त्यात ही चोरटी हवा हिशेबातही येत नाही. प्लग किंवा कॉम्प्रेशन गेलं असतं, तर रस्त्यावरही कळलं असतं.

उस्तादांनी पाण्याची बाटली घेतली, झाकणाला खिळ्याने भोक पाडलं आणि कार्बोरेटरच्या बुडाशी बारीक धार सोडली. इंजिन क्षणभर शांत झालं. धार थांबवली, परत थरथर.

"हवा वढूलालंय," त्यांनी बाबांकडे बघून सांगितलं. "पॅकिंग गेलंय. किती येळा खोललाव मालक?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधलं पॅकिंग सीटखालच्या उष्णतेने आधीच कडक झालेलं असतं. दर वेळी खोलायचं, तेच परत बसवायचं, हवा जाऊ नये म्हणून नट आवळायचे. त्याने बूड वाकतं आणि फट वाढते. थोडक्यात, धुण्याने आजार वाढवला होता.

आता ही चोरटी हवा इंजेक्शनच्या गाडीत आली असती तर? एप्रिल २००० मध्ये देशभर नवे निकष लागू झाले आणि हळूहळू कार्बोरेटर गेले. त्या गाड्यांत कॉम्प्युटर सेन्सरवरून ओळखतो आणि गुपचूप पेट्रोल वाढवतो. हाताबाहेर जाईपर्यंत मालकाला पत्ता नसतो. मग एक पिवळा दिवा. मी असलाच कोड लिहून पोट भरतो, चूक गिळून पुढे चालणारा. कार्बोरेटरला ते जमत नाही. हवा आली की तो लगेच थरथरून दाखवतो, फक्त बघणाऱ्याने आधी स्क्रूला हात लावायचा नाही.

नवं पॅकिंग आलं, बूड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं. शेवटी स्क्रू, तोही कानाने: आत, जिथे इंजिन अडखळलं तिथून बाहेर, जिथे सरळ झालं तिथे थांबले. दुपारी पीयूसीला गेलो. कार्बन मोनॉक्साइड २.१, हायड्रोकार्बन ६४०.

कार्बन मोनॉक्साइड वाढला कसा, म्हणून बाबा घाबरले. मी त्यांना तिथेच उभं करून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि परत जाऊन बंपरसमोर उभे राहिले, लिंबू-मिरची बघत. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळालं. २०२७ ला परत नांदेडला जायचंय.