मामा, कुठलं सॉफ्टवेअर टाकू?

परवा भाच्याने पहिलावहिला कॅमेरा घेतला आणि लगेच फोन केला. "मामा, फोटो एडिट करायला कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" आता याला एका वाक्यात काय उत्तर देणार? मी आपला इतिहास सांगत बसलो, तो बिचारा हं हं करत राहिला. म्हणून राहिलेलं इथे.

तर मंडळी, १९८७ साली मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोलला आपल्या मॅकच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा बघायच्या होत्या. त्यासाठी त्याने 'डिस्प्ले' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्समधला, त्याला त्यात दम दिसला. पुढे तेच फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबीने फोटोशॉप म्हणून बाजारात आणलं. लेयर्स आले ते १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. पण हे हत्यार मुळात छपाईवाल्यांचं आणि स्टुडिओवाल्यांचं. आपल्यासारख्या हौशी माणसाला किंमत परवडायची नाही, मग कुणाकडून तरी 'सीडी' यायची. मीही वापरलीय, खोटं कशाला बोलू!

१९९५ मध्ये बर्कलेच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिंप लिहायला घेतलं. फुकट आणि खुलं. बटणं-मेनू काढणारी जी तयार लायब्ररी होती ती विकतची, म्हणून या पठ्ठ्यांनी स्वतःचीच केली, जीटीके. पुढे लिनक्सवरचा अख्खा ग्नोम डेस्कटॉप तिच्यावर उभा राहिला. आहे की नाही गंमत? मला मात्र गिंपच्या सुट्ट्या सुट्ट्या खिडक्यांनी वैताग आणला होता.

आणि मग पिकासा! जुलै २००४ मध्ये गूगलने ते विकत घेतलं आणि फुकट वाटलं. त्याची खरी करामत मला फार उशिरा कळली. तुम्ही फोटो कापा, उजळ करा, मूळ फाइलला ते हात लावत नसे. काय काय केलं त्याची नोंद त्याच फोल्डरमध्ये एका लपलेल्या छोट्या फाइलीत ठेवी आणि दाखवताना ते बदल करून दाखवी. फोटोखाली लिहिलेली ओळ मात्र थेट जेपेगच्या पोटात जायची. २००७ च्या लाइटरूमचाही बाणा तोच, मूळ फोटो अबाधित, बदलांची नोंद वेगळी.

हा फरक मला का महत्त्वाचा वाटतो ते सांगतो. बाबांचे जुने फोटो मी स्कॅन केले तेव्हा आई शेजारी बसून एकेकाचं नाव सांगायची आणि मी खाली टाइप करायचो. पुढे कॉम्प्युटर बदलताना मी शहाण्याने फक्त जेपेग शोधून कॉपी केले. ती लपलेली फाइल राहिली आणि सगळी एडिटिंग गेली. चूक माझीच. पण नावं वाचली, कारण ती फोटोतच होती. कापाकापी पुन्हा करता आली. नावं पुन्हा विचारायला आई आता नाही.

२०१३ मध्ये अडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायचं जाहीर केलं. मार्च २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केलं. उतरवलेलं चालत राहिलं, पण पुढे कुणी वाली नाही.

म्हणून भाच्याला सांगितलं, डार्कटेबल घे. २००९ पासून आहे, फुकट आहे, आणि प्रत्येक फोटोशेजारी नोंदीची एक एक्सएमपी फाइल ठेवतं. ती फोटोबरोबर उचलायची, माझ्यासारखं करायचं नाही. बारीक डागडुजीला गिंप. २०२५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, तीत लावलेले फिल्टर नंतर बदलता येतात. शिकायला दोन्ही कटकटीची आहेत, पहिला महिना शिव्या घालशील, हेही सांगितलं.

यावर त्याचं उत्तर, "मोबाइलवर होतं की सगळं!" असो.

माळ्यावरून बाबांचा आणखी एक अल्बम निघालाय. स्कॅनिंग भाचा करणार आहे. त्यातले निम्मे चेहरे मला ओळखू येत नाहीत. मावशी, वाचत असशील तर दिवाळीला येताना जवळचा चष्मा विसरू नकोस.