शेवटचा रकाना

उत्तरपत्रिका तपासताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. पहिल्या प्रश्नावर मुले पाने भरतात आणि शेवटचा कोराच सोडतात. अमेरिकेतील पुष्कळ मतदारांचीही हीच खोड!

आपल्याकडे न्यायाधीश नेमले जातात. तिकडे कित्येक राज्यांत ते लोक निवडतात. १८३२ साली मिसिसिपीने आपले सारे न्यायाधीश मतदारांच्या हाती सोपवले, १८४६ साली न्यूयॉर्कने तीच वाट धरली आणि १८६८ साली नॉर्थ कॅरोलिनाने. न्यायासन राज्यकर्त्यांच्या मर्जीतून सुटावे, हा त्यामागचा एक मोठा हेतू.

परंतु ही नावे मतपत्रिकेत बरीच खाली असतात. राष्ट्राध्यक्षाच्या नावापुढे खूण केली की काहींचा उत्साह संपतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयातील एका जागेसाठी ५५ लाखांवर मते पडली. तरी राष्ट्राध्यक्षपदाच्या मतांहून ती सुमारे दीड लाखाने कमीच. आणि ॲलिसन रिग्ज निवडून आल्या त्या अवघ्या ७३४ मतांनी! प्रतिस्पर्ध्याने हजारो मतांना हरकत घेतली. वाद मिटायला मे २०२५ उजाडला. त्याआधी २०२० साली तिथलेच मुख्य न्यायाधीशपद ४०१ मतांनी ठरले होते.

तिथे एकदा निवडलेला न्यायाधीश आठ वर्षे निवाडे देतो. शाळेत कोऱ्या उत्तराचे शून्य एकट्या मुलाच्या पदरी पडते. मतपत्रिकेतला कोरा रकाना मात्र साऱ्या राज्याला भोगावा लागतो. म्हणून मी मुलांना सांगतो: बाळांनो, शेवटचा प्रश्न सोडू नका.