मोजक्या लांकडाचें आरमार

रत्नागिरीच्या भगवती किल्ल्यावर उभें राहून जमिनीकडे तोंड केलें म्हणजे दिसतो तो जांभ्या दगडाचा उघडा सडा; त्याच्या उतारावर घरें, आणि घरांभोंवतीं माड, आंबे व फणस. पावसाळ्यांतला हिरवेपणा पाहून कोंकणांत लांकडाला काय तोटा, असें घाटावरच्या पाहुण्यास सहज वाटतें. जहाज बांधणाऱ्या सुताराची नजर मात्र निराळी असते. त्याला हवा असतो सरळ वाढलेला, जून सागवान. आणि तो किनाऱ्यालगत नसून सह्याद्रीच्या पायथ्याच्या खोऱ्यांतून तुटक तुटक सांपडावयाचा. माडाचें खोड त्याच्या कामाचें नाहीं. राहिले आंबे-फणस, आणि त्यांना तर मालक होता.

अशा किनाऱ्यावर मराठ्यांना आरमार उभारावयाचें होतें, आणि चढाओढ होती ती इंग्रज, पोर्तुगीज, डच व जंजिऱ्याचा सिद्दी यांच्याशीं. युरोपांतील दर्यावर्दी राष्ट्रें लांकडाच्या बाबतींत हात राखून खर्च करणारीं नव्हतीं. पुढें १७६५ मध्यें पाण्यांत उतरलेल्या 'व्हिक्टरी' या एकाच इंग्रजी युद्धनौकेस सुमारें ६,००० झाडें लागलीं, आणि त्यांतलीं बहुतेक ओक जातीचीं होतीं. सावित्रीच्या मुखापासून विजयदुर्गापर्यंतच्या पट्टींत एका जहाजासाठीं इतकीं झाडें पाडावयाचीं म्हटलें असतें, तर किती गांवांचीं परसें उजाड झालीं असतीं याचा अंदाज ज्याचा त्यानें करावा.

हा अंदाज एका जाणत्या मुत्सद्द्यानें वेळींच केला होता. हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांनीं १७१५ मध्यें, कोल्हापूरचे संभाजी छत्रपति गादीवर असतां, राज्यनीतीवर जो ग्रंथ सिद्ध केला तो आज्ञापत्र या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांतील आरमाराच्या प्रकरणांत लांकडासंबंधीं जो नियम घालून दिला आहे, तो थोडक्यांत असा: अरण्यांतील सागवानादि वृक्ष सोयीचे असतील ते, तेही हुजूरची परवानगी घेऊन तोडावे; त्यावर आणखी लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें; रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये. याचें कारणही दिलें आहे. हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं पोटच्या पोराप्रमाणें जपून वाढविलेलीं असतात. तीं तोडलीं तर तिच्या दुःखाला सीमा राहत नाहीं. एखादें झाड अगदींच जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असलें, तर धन्याला राजी करून, पैसा देऊन, त्याच्या संतोषानें न्यावें. हा मजकूर पुष्कळदां शिवछत्रपतींचें स्वतःचें पत्र म्हणून सांगितला जातो, तें बरोबर नाहीं. रामचंद्रपंतांनीं थोरल्या महाराजांची कारकीर्द डोळ्यांनीं पाहिली होती आणि तेथील धडा त्यांनीं लिहून ठेवला, एवढें म्हणणें पुरेसें आहे.

फणसाच्या झाडाची किंमत ज्यानें कोंकणांत एक वर्ष काढलें आहे त्यालाच कळावी. कोंवळ्या कुयरीची भाजी, पिकल्यावर गरे, उरलेल्या रसाचीं फणसपोळीं, आणि भर पावसांत घरांतलें धान्य आटलें म्हणजे उकडून खावयाच्या आठळ्या. झाडाची छाया वेगळी. आणि तें म्हातारें झालें म्हणजे त्याच्याच लांकडाचे खांब नव्या घराला. लावणाऱ्या आजोबांना त्याचें पुरतें फळ मिळत नाहीं, नातवाला मिळतें. असलें झाड सरकारी कुऱ्हाडीखालीं गेलें तर त्या घराचें तीन पिढ्यांचें नुकसान होई. आरमार तर रयतेच्याच रक्षणासाठीं हवें होतें. तेव्हां अमात्यांपुढचा पेच केवळ लांकूड मोजण्याचा नव्हता.

याच काळांत इतरत्र काय चाललें होतें तें पाहण्यासारखें आहे. फ्रान्समध्यें कोल्बेर या मंत्र्यानें १६६९ च्या कायद्यानें जंगलांवर आरमाराचा हक्क बसविला. खाजगी मालकाच्या रानांतील योग्य झाडही त्यांतून सुटत नसे. इंग्लंडनें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीला १६९१ मध्यें जी सनद दिली, तींत खाजगी मालकीच्या नसलेल्या जमिनींतील २४ इंच व्यासावरचे पाइन वृक्ष राजाच्या डोलकाठ्यांसाठीं राखून ठेवले. अशा झाडांवर बाणाची खूण कोरीत. पुढें हें बंधन इतकें जाचूं लागलें कीं १७७२ मध्यें न्यू हॅम्पशायरमधील लांकूडवाल्यांनीं सरकारी अंमलदारांना रात्रीं गांठून बदडून काढलें. या देशांतून खूण झाडावर पडे ती राजासाठीं. अमात्यांचा नियम याच्या अगदीं उलटा.

नियम कागदावर लिहिणें सोपें. तो पाळून जहाज उभें करावयाचें तें सुतारानें. लांकूड मोजकें असलें म्हणजे कारागिराला पहिली गोष्ट शिकावी लागते ती झाड पाडण्यापूर्वींच तें मनांत चिरण्याची. पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाचा लांब कणा, यासाठीं सर्वांत सरळ व निर्दोष सोट, त्याखालोखाल फळ्या. पोटाला आकार देणारे जे वांक, ते सरळ तुळईतून कापून काढले तर लांकूड वायां जातें आणि रेषा तुटल्यामुळें वांक कमजोर होतो. म्हणून मुळांतच वांकडी वाढलेली फांदी किंवा बुंध्याचा बेचका शोधावयाचा. सरळ लांकूड विकणाऱ्यानें जो भाग जळणांत टाकला असता, तोच येथें जहाजाची बरगडी होई. उरलेल्या तुकड्यांच्या खुंट्या आणि पाचरा. पश्चिम किनाऱ्यावर फळीच्या कडेला खांच पाडून ती शेजारच्या फळींत बसविण्याची जुनी पद्धत होती. सांध्यांत कापूस व राळ भरीत, म्हणजे पाणी आंत येत नसे. वरून तेलाचा हात. असें काम सावकाश चालतें, पण टिकतें. सागवानांत तेलाचा अंश असल्यामुळें त्यांत ठोकलेला खिळा ओकमधल्यासारखा गंजून लांकूड खात नाहीं, आणि म्हणूनच चांगलें सागवानी जहाज ओकच्या जहाजाहून कितीतरी अधिक वर्षें समुद्रावर राही.

दुसरी गोष्ट आकाराची. गुराबा फार थोर नसाव्या, फार लहानही नसाव्या, मध्यम असाव्या, असें आज्ञापत्रांत सांगितलें आहे. पांच गुराबा आणि पंधरा गलबतें मिळून एक सुभा. वाऱ्यावांचून हलूं न शकणारें प्रचंड जहाज निरुपयोगी, हें कारण तेथें दिलेलें आहे. तथापि ज्या राज्यानें स्वतःच्या कुऱ्हाडीला मर्यादा घातली, त्याला मध्यम जहाजाचा सल्ला मानवला, यांत लांकडाचाही वांटा असलाच पाहिजे. ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें आंग्र्यांच्या जहाजांचें जें वर्णन दिलें आहे त्यावरून गुराब १५० ते ३०० टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यांत चालणारी. तिचें नाक पुढें लांब निघालेलें, आणि त्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत क्वचितच ७० टनांवर जाई, आणि त्याला ४०-५० वल्हीं असत.

वारा पडला म्हणजे या लहान जहाजांचें राज्य सुरू होई. गलबतें गुराबांना दोर लावून ओढीत नेत आणि मोठ्या जहाजाच्या पाठीमागें उभीं करीत, कारण त्याच्या तोफा दोन्ही कुशींना, पिछाडीला थोड्या. आधीं डोलकाठ्या व दोर तोडावयाचे, मग चढाई. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर स्वारी केली ती फसली; १७३५ मध्यें 'डर्बी' हें कंपनीचें भरलेलें मोठें जहाज संभाजी आंग्र्यांनीं धरलें.

मोजक्या लांकडाच्या आरमाराचें वैगुण्य एकच: तें एकदां नष्ट झालें म्हणजे पुन्हा उभें करावयास एक पिढी लागते. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले तेव्हां तुळाजी आंग्र्यांचीं जहाजें बंदरांत एकमेकांस लागून उभीं होतीं. इंग्रजांचा पेटता गोळा 'रेस्टोरेशन' या, पूर्वीं इंग्रजांकडूनच जिंकलेल्या, जहाजावर पडला आणि आग एकापासून दुसऱ्याकडे जात सबंध आरमार जळालें. स्वारींत पेशव्यांची इंग्रजांना साथ होती. शेजारच्याच्या दाव्यापायीं स्वतःचा समुद्र रिकामा करून घेण्याचा हा प्रकार होता. पुढें पेशव्यांनीं तेथें आनंदराव धुळपांच्या हाताखालीं आरमार ठेवलें. वाघोटण खाडीच्या कांठीं गिर्ये येथें खडक फोडून केलेली गोदी आजही पाहावयास मिळते. पण पूर्वीचा दरारा परत आला नाहीं.

यानंतर जहाजबांधणीचा सूर मुंबईस लागला. सुरतेहून १७३६ मध्यें आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यानें तेथें सागवानी जहाजांची परंपराच निर्माण केली. त्या गोदीला लांकूड पुरवावें म्हणून कंपनीनें १८०६ मध्यें कॅप्टन वॉटसन नांवाचा अधिकारी मलबारच्या जंगलांवर नेमला. त्यानें सागवानावर सरकारी मक्ता बसविला आणि मालकांच्या रानांतही हात घातला. ओरड इतकी झाली कीं १८२३ मध्यें तें पद मोडावें लागलें. अमात्यांनीं शंभर वर्षांपूर्वीं जें टाळावयास सांगितलें तेंच मलबारांत घडलें.

रत्नागिरीची गोष्ट याहून वेगळी, आणि अधिक अवघड. १८२४ च्या सुमारास दक्षिण कोंकणचा कलेक्टर डनलॉप यानें जाहीरनामा काढून जमिनीवरच्या झाडांचा, सागवानासुद्धां, हक्क जमीनधारकांस देऊन टाकला. झाड आपलें झालें म्हणजे लोक लावतील व जपतील, ही कल्पना. झालें उलट. मुंबईला इमारतीस, जहाजांस व जळणास लांकूड कितीही हवें होतें, समुद्राची वाट स्वस्त होती, आणि सारा भरावयाचा होता. धनी स्वतःच राजी झाला. बलात्कार कोणीच केला नाहीं, तरी सागवानाचीं रानें ओसरलीं. त्या जाहीरनाम्याची छाप अजून आहे: रत्नागिरी, आणि तिच्यापासून १९८१ मध्यें वेगळा झालेला सिंधुदुर्ग, या दोन्ही जिल्ह्यांतील रान बहुतेक खाजगी मालकीचें असून सरकारी राखीव जंगल अगदीं थोडें आहे.

आंग्र्यांच्या गुराबांपैकीं एकही आज उरलेली नाहीं. वाडियांच्या गोदींत १८१७ मध्यें मलबारी सागवानाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' मात्र इंग्लंडांत हार्टलपूल बंदरांत अजून पाण्यावर तरंगत आहे. आणि रत्नागिरीच्या परसांतून फणसाचीं झाडें अद्याप उभीं आहेत.