दिवे मागणाऱ्या मुली

सप्टेंबर 2017च्या अखेरीस एका नियतकालिकासाठी मी बनारसहून आलेल्या एका हिंदी टिपणाचा मराठी अनुवाद करत होते आणि पहिल्याच वाक्यात अडले. शब्द होता 'छेड़खानी'. मराठीत 'छेडछाड' अगदी हाताशी होता. पण आपण सतारीची तार छेडतो, विषय छेडतो, जुन्या गाण्याशी छेडछाड केली म्हणून संगीतकारावर रागावतो. या शब्दात कुठेतरी खोडी आहे, गंमत आहे. टिपणात जे घडलं होतं त्यात गंमत नव्हती.

21 सप्टेंबरच्या संध्याकाळी, सहाच्या सुमारास, बनारस हिंदू विश्वविद्यालयाची एक विद्यार्थिनी वसतिगृहाकडे परतत होती. भारत कला भवन या संग्रहालयाजवळ मोटारसायकलवरून आलेल्या तरुणांनी तिच्या अंगावर हात टाकला. मुलींच्या सांगण्यानुसार सुरक्षारक्षक हाकेच्या अंतरावर होते, ते जागचे हलले नाहीत. वसतिगृहात तिला विचारलं गेलं ते हे, की इतक्या उशिरा बाहेर कशाला फिरत होतीस.

सहा वाजता!

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली सिंहद्वारासमोर जाऊन बसल्या. हे विद्यापीठाचं मुख्य प्रवेशद्वार; तिथल्या वस्तीचं नाव लंका. पंतप्रधान त्याच दिवशी आपल्या या मतदारसंघात यायचे होते. मुली उठेनात, तेव्हा त्यांच्या ताफ्याचा रस्ता बदलला गेला. 'अनसेफ बीएचयू' असा फलक दारावर चढला. एका विद्यार्थिनीने निषेध म्हणून डोकं भादरून घेतलं. मराठी वाचकाला इथे थबकायला होतं. आपल्याकडच्या किती घरांनी केशवपन केलेल्या बायका याच शहरात आणून सोडल्या. त्याच काशीत एका मुलीने स्वतः होऊन केस उतरवले, आणि ते शोकासाठी नव्हते.

23च्या रात्री लाठीमार झाला. मुली जखमी झाल्या, दसऱ्याची सुट्टी अलीकडे ओढून वसतिगृहं रिकामी केली गेली, हजाराहून अधिक अनोळखी लोकांवर गुन्हा नोंदवला गेला. मुख्य प्रॉक्टरांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच एक स्त्री आली. कुलगुरू गिरीशचंद्र त्रिपाठी यांनी एका इंग्रजी दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत, मुलगे आणि मुली यांची सुरक्षा एकसारखी असूच शकत नाही, अशा आशयाचं विधान केलं. मुदत संपण्याआधीच ते रजेवर गेले.

या साऱ्या गदारोळात मुलींनी मागितलं काय होतं, हे मागे पडलं. रस्त्यावर दिवे. सीसीटीव्ही. महिला सुरक्षारक्षक. तक्रार ऐकून घेणारी, त्यांचा विश्वास बसेल अशी समिती. महिला वसतिगृहांतल्या आठच्या वेळेबद्दल आणि मेसमधल्या सामिषबंदीबद्दल त्या आधीपासून बोलत होत्याच. या विद्यापीठात मुलींच्या महाविद्यालयाची स्थापना 1929ची, म्हणजे बाईने काशीत येऊन शिकावं की नाही हा वाद तेव्हाच संपला होता. शिकायला आलेल्या बाईने संध्याकाळी ग्रंथालयातून पायी परतावं की नाही, हा मात्र अजून चालू होता.

माझ्या वसतिगृहातही साडेआठला फाटक बंद होई. एम.ए.च्या पहिल्या वर्षी शहर बसमध्ये एकाने माझ्या कमरेला हात घातला. मी रेक्टरबाईंना सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी चहा दिला आणि पुढच्या महिन्यापासून आमची वेळ आठवर आणली. मैत्रिणी कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हत्या. पुन्हा असं काही झालं तर मी सांगितलं असतं का? नसतं. फाटक लवकर लावल्याने हात टाकणारे कमी होत नाहीत, सांगणाऱ्या कमी होतात.

गंमत म्हणजे हे नियमात लिहिलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाच्या प्रतिबंधाविषयीचे विनियम 2015चे, राजपत्रात आले 2016मध्ये. त्यात स्पष्ट म्हटलंय की विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून त्यांच्यावर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. सुरक्षेच्या नावाखाली बायकांच्या फिरण्यावर पाळत वा बंधनं येऊ नयेत. तक्रारीत विद्यार्थी गुंतलेले असतील तर समितीवर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, हेही त्यातच आहे. सिंहद्वारावरच्या मुलींचं बरंचसं मागणं मुळात मंजूर झालेलंच होतं, फक्त कागदावर.

आणि शब्द? 'छेडछाड' टाळायचा म्हणून मी कायद्याकडे वळले. 1860च्या भारतीय दंड संहितेचं कलम 354: तिथे इंग्रजीत होती स्त्रीची 'मॉडेस्टी'. अधिकृत हिंदीने तिची 'लज्जा' केली, मराठीने 'विनय'. म्हणून आपल्याकडे 'विनयभंग'. गुन्हा करतो पुरुष आणि मोडतं काय, तर बाईच्या ठायी असायला हवा असा एक गुण. तो नसेल तर? कोर्टांनी यावर पुष्कळ खल केला आहे. 2013च्या दुरुस्तीने 'लैंगिक छळ' हा वेगळा गुन्हा आणला, पण जुनी 'मॉडेस्टी' गेली नाही. जुलै 2024पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 74मध्ये ती आहेच.

शब्दाचा हा कीस केवळ अनुवादकाचा नाही. नोव्हेंबर 2023मध्ये याच आवारात, आयआयटीच्या एका विद्यार्थिनीला मध्यरात्रीनंतर तिघांनी बंदुकीच्या धाकाने अडवलं. सुरुवातीला गुन्हा नोंदला गेला तो 354च्या घरातल्या कलमांखाली. सामूहिक बलात्काराचं कलम तिच्या जबाबानंतर लागलं. अटक व्हायला सुमारे दोन महिने गेले. तोवर आयआयटी आणि विद्यापीठ यांच्यामध्ये भिंत घालण्याची कल्पना मात्र लगेच पुढे आली होती, आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तिला विरोध केला. बीएचयूचं आवार अर्धवर्तुळाकार आखलेलं आहे, रस्ते एकात एक कमानीसारखे वळतात. त्यात भिंत कुठून घातली असती, हे मी नकाशा घेऊन बराच वेळ बघत बसले होते.

2017च्या त्या अनुवादात मी शेवटी 'अंगावर हात टाकला' असं लिहून पाठवलं. संपादकांचा फोन आला, जरा राकट वाटतंय म्हणाले. अंक छापून आला तेव्हा आत माझं वाक्य होतं आणि वर, ठळक टाइपात, शीर्षकात 'छेडछाड'.