बँटिंगचा तक्ता

‘कीटो’ने महिन्यात दहा किलो उतरवण्याची आमिषं वाचली, की मी विल्यम बँटिंगची १८६३ची पुस्तिका काढतो. हा लंडनचा अंत्यविधी-व्यवस्थापक. बुटाची नाडी बांधता येईना, जिना उलटा उतरावा लागे. बहिरेपणासाठी तो कानाच्या डॉक्टरकडे, विल्यम हार्वींकडे, गेला. त्यांनी पाव, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद केले.

पुस्तिकेचं खरं मोल तिच्यातल्या तक्त्यात आहे. ऑगस्ट १८६२मध्ये वजन २०२ पौंड. पुढे साधारण दर तीन आठवड्यांनी नोंद : २ उतरले, ३ उतरले, एकदाच ४. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे २१ किलो. आठवड्याला पौंडाच्याही आतच, आणि तेही एवढ्या स्थूल माणसाचं!

काटेकोरपणे हा कीटो नव्हेच. त्यात टोस्ट होता, रोज क्लॅरेट होती (डॉक्टरांच्या संमतीने, बरं का). ‘कीटोजेनिक’ आहाराची कल्पना १९२१मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डरनी मांडली, ती अपस्मारासाठी. त्यात पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो. पण यकृत-स्नायूंतलं ग्लायकोजेन संपताना सुटणारं पाणीच त्यात बरंचसं असतं. चरबी बँटिंगच्याच चालीनं जाते. त्याच्या तक्त्यातली शेवटची नोंद १२ सप्टेंबर १८६३ची : वजन १५६, घट शून्य. तीही त्यानं छापली.